न्याय्य फोन आणि साडेतीन मिलिमीटरची जागा

माझ्याकडे २००९ साली घेतलेला एक वायरचा हेडफोन आहे. एवढ्या वर्षांत त्याच्या कानांवरच्या गाद्या दोनदा बदलून झाल्या, पिनेपाशी वायर तुटली तेव्हा जुनी पिन कापून नवी सोल्डर करून घेतली, आणि डोक्यावरच्या पट्टीचे आवरण फाटले तेव्हा त्यावर घरीच कापड शिवले. त्यातून येणारा आवाज मात्र पहिल्या दिवशी होता तसाच आहे, कारण त्याच्या पोटात बिघडण्यासारखे फारसे काही नाहीच. एक चुंबक, तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक पातळ पडदा, एवढाच त्याचा संसार. त्याला चार्जिंग लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, कोणत्या फोनशी आधी ओळख करून द्यावी लागत नाही. या काळात मी चार फोन बदलले आणि हेडफोन एकच राहिला.

गेल्या वर्षी माझ्या सध्याच्या फोनला सुरक्षेची अपडेट्स मिळणे बंद झाले आणि पुढचा फोन घ्यायचाच झाला तर तो न्याय्य पद्धतीने बनवलेला असावा, असे मी ठरवले. ज्या खाणीतून त्याचे धातू निघाले आणि ज्या कारखान्यात त्याची जुळणी झाली, तिथल्या माणसांचा विचार कोणीतरी केलेला असावा, आणि तो फोन उघडून दुरुस्त करता यावा, एवढीच माझी अपेक्षा होती. शोध घेताना लक्षात आले की या वर्गातल्या सर्वांत परिचित नावाने, म्हणजे फेअरफोनने, हेडफोनचा जॅक, म्हणजे त्याची साडेतीन मिलिमीटरची पिन जिथे खोचतात ती गोल खाच, काही वर्षांपूर्वीच काढून टाकला आहे. इतर कंपन्यांनी तो काढला तेव्हा मला वाईट वाटले होते; यांनी काढला हे कळल्यावर जे वाटले ते वेगळे होते, आणि त्याची कारणे नीट मांडावीत म्हणून हे लिहीत आहे.

फेअरफोनची सुरुवात फोन विकण्यासाठी झालेली नव्हती. २०१० मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये बास व्हान आबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जनजागृती मोहीम सुरू केली; काँगोच्या पूर्व भागातील सशस्त्र टोळ्यांना ज्या खनिजांच्या व्यापारातून पैसा मिळतो ती खनिजे आपल्या खिशातल्या फोनमध्ये असतात, हे लोकांना सांगणे हा तिचा उद्देश होता. २०१३ मध्ये त्या मोहिमेची कंपनी झाली, कारण पुरवठ्याची साखळी बाहेरून समजत नाही, स्वतः फोन बनवायला घेतल्याशिवाय तिचे दुवे हाती लागत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. पहिल्याच फोनमध्ये त्यांनी काँगोमधल्या संघर्षमुक्त खाणींतले कथील आणि टँटलम वापरले. तिथून माल घेणे सरसकट बंद केले तर प्रामाणिकपणे खाणीत राबणाऱ्यांच्याच पोटावर पाय येतो, म्हणून तिथेच राहून व्यवहार सुधारायचा, ही त्यामागची भूमिका होती, आणि मला ती आजही मनापासून पटते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या फोनचा पडदा आणि बॅटरी नुसत्या हातांनी काढता येत, आणि बाकीचे सुटे भाग साध्या स्क्रू-ड्रायव्हरने. उपकरणे उघडून त्यांच्या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने दुरुस्तीच्या सोपेपणाबद्दल त्याला १० पैकी १० गुण दिले. २०१९ च्या तिसऱ्या फोनच्या वेळी चीनमधल्या जुळणी कारखान्यातील कामगारांना निर्वाहापुरते वेतन मिळावे म्हणून प्रत्येक फोनमागे वाढीव रक्कम देण्याची व्यवस्था झाली. ही सगळी कामे कष्टाची आहेत, ती करणारी माणसे थोडी आहेत, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर पुढच्या मजकुरामुळे कमी झालेला नाही.

या तिन्ही फोनना जॅक होता. तिसऱ्या फोनमध्ये तर तो वरच्या बाजूच्या एका स्वतंत्र मॉड्यूलमध्ये बसवलेला होता. त्याच मॉड्यूलवर पुढचा कॅमेरा आणि कानापाशी धरायचा स्पीकरही होता. जॅक खराब झाला तर काही स्क्रू काढायचे, तो भाग उचलायचा आणि नवा बसवायचा. फोनमधला जॅक सैल झाला की सारा फोन निकामी ठरवणाऱ्या काळात ही रचना मला फार सुंदर वाटली होती. ३० सप्टेंबर २०२१ रोजी चौथा फोन जाहीर झाला आणि त्यात जॅक नव्हता. २०२३ च्या पाचव्यात तो नव्हता, आणि २०२५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या फोनमध्येही नाही.

जॅक काढण्याची प्रथा काही यांनी पाडली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून तो काढला आणि त्या निर्णयाला मंचावरून धैर्य असे नाव दिले; गुगलने त्याच वर्षी आपल्या पहिल्या पिक्सेलमध्ये जॅक असल्याचे अभिमानाने सांगितले आणि पुढच्याच वर्षी तो काढला; सॅमसंगने २०१९ च्या नोट १० पासून आपल्या महागड्या फोनमधून त्याला निरोप दिला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईंच्या हातातील जाड पिनेपासून ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळातल्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेपर्यंत आणि तिथून १९७९ च्या वॉकमनपर्यंत आलेली ही जोडणी शंभराहून अधिक वर्षे मूळ स्वरूपात टिकली, तिच्यावर कोणा एका कंपनीची मालकी राहिली नाही, आणि बहुधा म्हणूनच ती काढून टाकण्यात अनेकांना व्यवसायाची संधी दिसली. मोठ्या कंपन्यांचे हे गणित मला समजते. प्रश्न आहे तो हे गणित नाकारण्यासाठीच जन्माला आलेल्या कंपनीचा.

कंपनीने त्या वेळी दिलेली कारणे मुख्यतः दोन होती: फोन सडपातळ करता यावा आणि धूळ व पाणी यांपासून संरक्षणाचे आयपी ५४ हे मानांकन मिळावे. ही दोन्ही कारणे मी गांभीर्याने तपासली. तिसऱ्या फोनची जाडी सुमारे ९.९ मिलिमीटर होती. जॅक काढलेल्या चौथ्याची जाडी १०.५ मिलिमीटर आहे. फोन मोठा झाला, आत अधिक शक्तिशाली चिप आणि ५जी आले, त्यामुळे जागेची ओढाताण झाली असणार, हे मान्य. तरीही ज्या वस्तूला कापून आपण बारीक होणार होतो, ती कापल्यावर आपण जाड झालो असू, तर त्या कारणाचे वजन फार उरत नाही. पाण्याचे म्हणाल तर २०१६ चा सॅमसंग गॅलॅक्सी एस ७ जॅकसह त्याहून कडक अशा आयपी ६८ मानांकनाचा होता. यावर कोणी म्हणेल की तो फोन गोंदाने बंद केलेला होता, उघडता येणाऱ्या फोनची गोष्ट निराळी. आणि हा आक्षेप रास्तही आहे. पण २०२२ मध्ये आलेल्या सॅमसंगच्याच एक्सकव्हर ६ प्रो या फोनची बॅटरी नखाने झाकण उघडून काढता येते, त्याला जॅक आहे, त्याचे मानांकन आयपी ६८ आहे आणि त्याची जाडी ९.९ मिलिमीटर आहे. म्हणजे काढता येणारी बॅटरी, जॅक आणि पाण्यापासून संरक्षण ही तिन्ही एका फोनमध्ये नांदू शकतात. फेअरफोन ही छोटी कंपनी आहे, तिच्या मागे सॅमसंगसारखे कारखाने नाहीत, हे खरे आहे. पण मग कारण सांगताना ते तसेच सांगायला हवे होते: आम्हाला हे परवडत नव्हते, किंवा आमच्या बहुसंख्य ग्राहकांना आम्ही अधिक महत्त्व दिले. असे सांगितले असते तर मी वाद घातला असता, पण विश्वास कमी झाला नसता.

जॅक गेल्यावर वायरच्या हेडफोनसाठी उरतो तो अडॅप्टर, म्हणजे यूएसबी-सीच्या खाचेत बसणारा बोटभर लांबीचा तुकडा. तो काय करतो, हे थोडे सविस्तर सांगते, कारण अनेक जण त्याला नुसती वायर समजतात. फोनमधले संगीत आकड्यांच्या रूपात असते आणि आपल्या हेडफोनला हवा असतो तो चढउतार होणारा विद्युतप्रवाह. आकड्यांचे प्रवाहात रूपांतर करणारी चिप आणि त्या प्रवाहाला बळ देणारा ॲम्प्लिफायर पूर्वी फोनच्या आत, जॅकच्या मागे असत. आता बहुतेक अडॅप्टरच्या चिमुकल्या टोकात ही दोन्ही कोंबलेली असतात. काही स्वस्त अडॅप्टर मात्र खरोखरच नुसती वायर असतात आणि फोनने यूएसबी-सीमधून थेट ध्वनिप्रवाह सोडला तरच चालतात. दिसायला दोन्ही सारखे, त्यामुळे एका फोनवर चाललेला अडॅप्टर दुसऱ्यावर मुका बसतो. शिवाय फोनच्या स्वतःच्या स्पीकरसाठी ध्वनीचे रूपांतर करणारी व्यवस्था आत लागतेच. म्हणजे फोनमधली यंत्रणा संपली नाही, ती फक्त आपल्या हेडफोनपर्यंत पोहोचण्याची वाट बंद झाली, आणि त्या वाटेसाठी आणखी एक चिप, आणखी एक प्लास्टिकचे आवरण आणि आणखी एक बारीक वायर जगात जन्माला घालावी लागली. हा तुकडा हरवतो, त्याची वायर टोकाशी तुटते, आणि तो लावलेला असताना फोन चार्ज करायचा असेल तर दोन तोंडांचा आणखी वेगळा अडॅप्टर लागतो. फेअरफोनच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी: यूएसबी-सीची खाच हा त्यांच्याकडे बदलता येणारा सुटा भाग आहे, त्यामुळे सततच्या काढघालीने ती झिजली तरी फोन वाया जात नाही. पण चार्जिंगचा आणि ऐकण्याचा ताण एकाच खाचेवर टाकून मग ती बदलण्याची सोय देणे ही दुधाची तहान ताकावर भागवण्याची तऱ्हा आहे.

अर्थात बहुतेक लोक अडॅप्टर घेतच नाहीत. ते वायरलेस इअरबड्स घेतात. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे.

इअरबड्सच्या एका जोडीत तीन बॅटऱ्या असतात: दोन्ही कानांतल्या दोन आणि डबीतली एक. या छोट्या बॅटऱ्या बहुतेक लिथियम आणि कोबाल्ट यांच्या असतात, आणि जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक काँगोमधून येते, जिथे हाताने खोदकाम करणाऱ्यांमध्ये लहान मुलेही असल्याचे अनेक वर्षे सांगितले जात आहे. ज्या देशातल्या खाणींच्या प्रश्नातून फेअरफोनची मोहीम उभी राहिली तोच हा देश, आणि २०२० मध्ये तिथले कोबाल्ट-खाणकाम सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या फेअर कोबाल्ट अलायन्सच्या संस्थापक सदस्यांत फेअरफोन आहे. अशा कंपनीने ज्या वस्तूत एकही बॅटरी नव्हती तिच्या जागी तीन बॅटऱ्यांची वस्तू घेण्याकडे ग्राहकाला वळवावे, ही विसंगती मला कोणत्याही तांत्रिक खुलाशाने पुसता येत नाही. चौथ्या फोनबरोबर कंपनीने आपले वायरलेस इअरबड्सही बाजारात आणले, आणि त्यांतली बॅटरी ग्राहकाला बदलता येण्याजोगी नव्हती. जॅक काढणे आणि त्याच वेळी असे इअरबड्स विकणे हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहिले की आजही वाईट वाटते.

लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य ठरलेले असते. ती जितक्या वेळा भरते आणि रिकामी होते तितकी थकते, आणि नुसती पडून राहिली तरी वयाने थकते. इअरबडमधली बॅटरी इतकी लहान की दिवसातून दोन-तीनदा रिकामी होते, डबीत ठेवली की लगेच पूर्ण भरते, आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत तासन् तास राहणे हेही तिला मानवत नाही. माझ्याकडे एका कंपनीचे इअरबड्स होते, भेट म्हणून आलेले. बाविसाव्या महिन्यात उजव्या कानातला तुकडा चाळीस मिनिटांत बंद पडू लागला. सेवा केंद्रात मला सांगण्यात आले की हे उघडत नाही, नवीन जोडी घ्या. आवाज निर्माण करणारे चुंबक आणि पडदा ठणठणीत होते, चिप ठणठणीत होती, ब्लूटूथ ठणठणीत होते, आणि तरीही ती पूर्ण वस्तू कचरा ठरली, कारण तिच्यातला एक भाग नाशवंत होता आणि तो भाग कोणाला काढता येणार नाही अशी तिची घडणच केलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. एवढी छोटी, चिकटवलेली, तीन-तीन बॅटऱ्यांची वस्तू त्या २२ टक्क्यांत पोहोचण्याची शक्यता किती, याचा विचार मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ करत होते.

फेअरफोनने ही चूक पुढे बऱ्याच अंशी सुधारली, हे नोंदवायला मला आनंद होतो. २०२३ मध्ये त्यांनी सुट्या भागांचा, दुरुस्त करता येणारा मोठा हेडफोन आणला, आणि एप्रिल २०२४ मध्ये फेअरबड्स या नावाने असे इअरबड्स आणले ज्यांच्या दोन्ही कानांतल्या आणि डबीतल्याही बॅटऱ्या घरी बदलता येतात. इतक्या लहान आकारात हे जमते हे त्यांनी करून दाखवले आणि जमत नाही म्हणणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना निरुत्तर केले. युरोपीय संघाचा, बहुतेक उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या काही अपवाद वगळता वापरणाऱ्याला काढता-घालता याव्यात असा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणार आहे, त्याच्या तीन वर्षे आधी हे झाले. ज्याला वायरलेसच हवे आहे त्याने हेच घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन. पण बदलता येणारी बॅटरी ही अखेर बॅटरीच असते, आणि माझ्या हेडफोनला ती कधी लागलीच नव्हती.

न्याय्य वस्तूंच्या क्षेत्रात एक विचार वारंवार मांडला जातो, की आपल्याकडे आधीपासून असलेला फोन हाच सर्वांत कमी हानी करणारा फोन असतो. फेअरफोनचे सारे काम या विचारावर उभे आहे. पाच वर्षांची वॉरंटी, वर्षानुवर्षे मिळणारे सुटे भाग आणि अपडेट्स यांचा अर्थ तोच. मग आपल्याकडे आधीपासून असलेला हेडफोन हाही सर्वांत कमी हानी करणारा हेडफोन नाही का? जगात या पिनेचे किती हेडफोन, इअरफोन, मायक्रोफोन आणि स्पीकर धडधाकट अवस्थेत पडून असतील याचा अंदाज बांधणे कठीण आहे. दीर्घायुष्याची कल्पना फोनच्या कडेपाशी थांबत नाही, फोनला जे जोडले जाते तिथपर्यंत ती जाते, असे मला वाटते. यूएसबी-सी आता सर्वत्र एकच झाली आहे, युरोपात डिसेंबर २०२४ पासून तसा कायदाही आहे, त्यामुळे यूएसबी-सीचे वायरचे हेडफोन हाच पुढचा जॅक, असे काही जण म्हणतात. नव्याने हेडफोन घेणाऱ्याला तो पर्याय वाईट नाही. पण त्या हेडफोनच्या वायरीत पुन्हा एक चिप बसते, आणि तो माझ्या जुन्या प्लेअरला, पियानोच्या की-बोर्डला किंवा मिक्सरला लागत नाही.

यात एक गोष्ट माझ्या घरची आहे आणि तिच्यामुळे हा विषय माझ्यासाठी आवडीनिवडीच्या पलीकडे गेला. माझ्या बाबांना कमी ऐकू येते. त्यांच्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल नावाचे तारेचे छोटे वेटोळे आहे, आणि फोनवर बोलताना ते गळ्यात एक वायरचा फास अडकवतात ज्याची पिन फोनच्या जॅकमध्ये जाते. फोनमधला ध्वनिप्रवाह त्या फासात फिरतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि श्रवणयंत्रातले वेटोळे ते थेट पकडते. खोलीतला पंख्याचा, भांड्यांचा, रस्त्याचा आवाज मध्ये येतच नाही. नवी श्रवणयंत्रे ब्लूटूथवर चालतात हे मला ठाऊक आहे, पण बाबांचे यंत्र चांगले चालते आहे, त्यांच्या कानांना त्याची सवय आहे, आणि फोन बदलला म्हणून कान बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही. ब्लूटूथची जोडणी तुटली की ती पुन्हा जोडण्यासाठी सेटिंगमध्ये कुठे जायचे, हे त्यांना दर वेळी आठवत नाही. पिन आत गेली आहे की नाही, हे मात्र बोटांना कळते. अडॅप्टर लावून पाहिला. तो चालला, पण पहिल्याच आठवड्यात तो फासाच्या पिनेसकट ओढला गेला आणि बोलणे अर्ध्यात तुटले. मधला तो दोन बोटांचा तुकडा कमकुवत दुवा ठरला.

माझी मागणी मोठी नाही. सर्व ग्राहकांवर जॅक लादा, असे मी म्हणत नाही. ज्या कंपनीने जॅकला एकदा बदलता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये बसवून दाखवले आहे, तिला खालच्या किंवा वरच्या भागाचे दोन प्रकार करता येतील: एक जॅकसह, एक जॅकविना, थोडे जास्त पैसे घेऊन का होईना. मॉड्यूलची कल्पना फक्त तुटलेला भाग बदलण्यापुरती नसावी. माणसामाणसांच्या गरजा वेगळ्या असतात म्हणून भाग निवडता यावेत, यासाठीही ती असावी. त्यामुळे सुट्या भागांचा साठा वाढतो, चाचण्या दुप्पट होतात, छोट्या कंपनीला ते जड जाते, हे मी जाणून आहे. तरीही त्यांना पत्र लिहून ही मागणी मी कळवली आहे, आणि त्यात टेलिकॉइलच्या फासाची माहिती मुद्दाम सविस्तर दिली आहे, कारण संगीताच्या चर्चेत श्रवणयंत्र वापरणारी माणसे सहसा विसरली जातात.

तोपर्यंत जुना फोन चालू ठेवायचा निर्णय आम्ही घेतला आहे. त्याची बॅटरी नवी बसवून घेतली, बँकेचे व्यवहार त्यावरून काढून टाकले, आणि तो बाबांना दिला. काल संध्याकाळी ते त्यांच्या बहिणीशी, माझ्या आत्याशी, पाऊण तास बोलत होते. गळ्यात फास होता, पिन जॅकमध्ये होती, आणि त्यांनी एकदाही तिला वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले नाही.